वाइल्ड राइस: तळ्यातलं पीक, घरातला धंदा

  आजचा विषय खाण्याचा आहे, पण रेसिपी मिळणार नाही. इतिहास मिळेल.

मोठ्या सुपरमार्केटच्या ‘इंपोर्टेड’ रॅकवर किन्वा आणि चिया सीड्सच्या शेजारी कधीकधी एक छोटं पाकीट दिसतं. आत लांब, सुईसारखे काळे दाणे. वर लिहिलेलं असतं ‘वाइल्ड राइस’. आपण किंमत बघतो आणि पाकीट गुपचूप जागेवर ठेवतो.

या दोन शब्दांपैकी एकही धड खरा नाही. हे धान्य म्हणजे तांदूळ नाही. आपला भात ‘ओरायझा’ वंशातला, हा ‘झिझानिया’ नावाच्या वेगळ्या वंशातला. चुलत भाऊ म्हणा हवं तर. आणि ‘वाइल्ड’चं म्हणाल, तर बाजारातला बहुतेक वाइल्ड राइस बांध घातलेल्या शेतात पेरलेला आणि मशीनने कापलेला असतो.

तरीही खराखुरा, कोणी न पेरलेला वाइल्ड राइस आजही आहे. तो अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या तळ्यांमध्ये उगवतो आणि काही घराणी पिढ्यानपिढ्या तो गोळा करतात, भाजतात, विकतात. आज बोलायचंय ते या घरगुती धंद्याबद्दल. असा धंदा, ज्यात वारशाने दुकान मिळत नाही, मशीन मिळत नाही, मिळतं ते एक तळं. तेसुद्धा मालकीचं नाही.

आधी झाड समजून घेऊ

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे सिस्टिम कशी चालते हे कळल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तर आधी झाड.

‘झिझानिया पलुस्ट्रिस’ हे पाण्यात वाढणारं गवत. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन आणि कॅनडातला ओंटारिओ हा त्याचा मुख्य मुलूख. पाणी कंबरभर किंवा त्याहून कमी हवं, आणि हळूहळू वाहतं हवं. दरवर्षी नवीन रोप. म्हणजे या वर्षीचा दाणा गळून तळाच्या चिखलात पडला, तरच पुढच्या वर्षी पीक. तो दाणा हिवाळाभर बर्फाखालच्या थंड पाण्यात महिनोन्‌महिने झोपून राहतो. ती थंडी मिळाली नाही तर तो उगवतच नाही. आणि दाणा वाळला तर बहुधा मेलाच.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला रोपाची पानं पाण्यावर रिबिनीसारखी आडवी तरंगतात. ही त्याची सगळ्यात नाजूक अवस्था. याच आठवड्यांत पाण्याची पातळी अचानक वाढली तर रोपं मुळासकट उपटली जातात. पुढे ती उभी होतात, माणसाच्या डोक्याएवढी, कधी त्याहून उंच, आणि ऑगस्टच्या शेवटी दाणे पिकायला लागतात.

पण एकदम नाही. एकाच लोंबीतले वरचे दाणे आधी पिकतात, खालचे नंतर. पिकला की दाणा लगेच गळून पाण्यात पडतो. आज गेलात तर काही मिळेल, चार दिवसांनी काही, आठवड्याने आणखी काही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा बग आहे. झाडाच्या दृष्टीने हेच तर फीचर: पिकलं की लगेच जमिनीत जा, आणि सगळे एकदम जाऊ नका, म्हणजे एका वादळात सगळं संपणार नाही. पुढची सगळी भांडणं या एका गोष्टीवरून आहेत, एवढं लक्षात ठेवा.

मनूमिन

या तळ्यांच्या काठचे लोक म्हणजे अनिशिनाबे. त्यातल्या मोठ्या गटाला ओजिब्वे म्हणतात. त्यांच्या भाषेत या धान्याचं नाव ‘मनूमिन’. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वज पूर्वेच्या समुद्रकिनाऱ्याजवळ राहत होते, आणि त्यांना सांगितलं गेलं की पश्चिमेला चालत राहा. जिथे पाण्यावर अन्न उगवतं तिथे थांबा. कित्येक पिढ्या चालून ते ग्रेट लेक्सच्या प्रदेशात आले, मनूमिन दिसलं आणि थांबले. एखाद्या समाजाच्या पत्त्यातच धान्य असावं, तसं आहे हे.

शेजारच्या मेनॉमिनी जमातीचं तर नावच या धान्यावरून पडलं. मिनेसोटात ‘महनोमेन’ नावाची एक काउंटी आहे, तेही हेच नाव. ओजिब्वे कॅलेंडरमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराचा महिना म्हणजे ‘मनूमिन गोळा करायचा चंद्र’. फ्रेंच व्यापारी आले तेव्हा त्यांना हे वेड्या ओटसारखं दिसलं, म्हणून त्यांनी नाव ठेवलं ‘फोल आव्वान’. इंग्रजांनी ठेवलं वाइल्ड राइस. दोघांनाही वाटलं, हे आपोआप उगवतं, याच्यामागे कोणाचे कष्ट नाहीत.

कष्ट कोणाचे?

कापणीच्या मोसमात कुटुंबंच्या कुटुंबं तळ्याकाठी तळ ठोकायची. आजी, आया, मावश्या, पोरं, सगळे. आणि या सगळ्या कारभाराच्या मुख्य होत्या बायका.

दाणा पूर्ण पिकायच्या आधी बायका होडीतून जायच्या आणि उभ्या ताटांच्या पेंढ्या बांधायच्या. बासवूड झाडाच्या सालीच्या दोरीने, जागच्या जागी, पाण्यातच. याचे दोन फायदे. एक, वाऱ्याने आणि पक्ष्यांनी दाणा कमी वाया जायचा. दुसरा फायदा धंद्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा: बांधलेली पेंढी म्हणजे खूण. इथून इथपर्यंतचा पट्टा अमुक घराचा. ना सातबारा, ना तलाठी, पण सगळ्या गावाला माहीत. आईचा पट्टा पुढे मुलीकडे जायचा.

मग कापणी. खरं तर कापणी म्हणणं चूक, कारण काहीच कापलं जात नाही. होडीत दोन माणसं. एक जण उभा राहून लांब बांबूसारख्या काठीने होडी ढकलतो. दुसरा बसलेला, हातात हलक्या लाकडाच्या दोन काठ्या. एका काठीने ताटं होडीवर वाकवायची, दुसरीने हलकेच झोडपायचं. पिकलेले दाणे होडीत पडतात, कच्चे लोंबीलाच राहतात, काही पाण्यात पडतात. ते पाण्यात पडलेले म्हणजे पुढच्या वर्षीची पेरणी. जोरात झोडपलं तर ताट मोडतं आणि पुढच्या खेपेचा माल गेला. त्यामुळे या कामात ताकदीपेक्षा हात हलका असणं महत्त्वाचं.

होडी भरून काठावर आली की खरं काम सुरू. ओला दाणा ठेवला तर बुरशी धरते, म्हणून आधी पसरून वाळवायचा. मग मोठ्या भांड्यात मंद आचेवर सतत हलवत भाजायचा. यात तूस कडक होतं आणि दाणा टिकाऊ होतो. मग तूस सुटायला मळणी: जमिनीत छोटा खड्डा, त्याला लाकडाचं अस्तर, आणि त्यात उतरून स्वच्छ मऊ चामडी जोडे घालून नाचल्यासारखं तुडवायचं. दाणा मोडू नये म्हणून हे काम हलक्या वजनाच्या माणसाचं, म्हणजे बरेचदा पोरांचं. शेवटी बर्चच्या सालीच्या पसरट टोपलीत पाखडायचं. आपल्या आजीच्या हातातलं सूप डोळ्यांसमोर आणा, तसंच.

झालेला माल सालीच्या डब्यांत भरून ठेवला की हिवाळ्याची चिंता मिटली. जास्तीचा माल विकायला. इथेच आपला ‘फॅमिली बिझनेस’ सुरू होतो.

पहिलं मोठं गिऱ्हाईक

18व्या शतकात या भागात फरचा व्यापार जोरात होता. युरोपात बीव्हरच्या फरच्या टोप्यांची फॅशन, आणि तो फर आणायला व्यापारी होड्या घेऊन हजारो किलोमीटर आत जायचे. एवढ्या प्रवासात माणसांना खायला काय घालणार? गव्हाचं पीठ सोबत न्यावं तर होडीत फरला जागा उरत नाही. उत्तर होतं मनूमिन. हलकं, भाजलेलं, वर्षानुवर्षं टिकणारं.

अलेक्झांडर हेन्री हा व्यापारी 1775 मध्ये लेक ऑफ द वूड्सला पोचला, तेव्हा त्याने स्थानिकांकडून भरपूर तांदूळ विकत घेतला. पुढे त्याने लिहून ठेवलं की तो मिळाला नसता तर आपला प्रवास पूर्णच झाला नसता. म्हणजे इतिहासाच्या पुस्तकांत ज्याला ‘फर ट्रेड’ म्हणतात, त्या सगळ्या व्यवस्थेचं पोट या तळ्याकाठच्या बायकांनी भरलं होतं. धान्य त्यांच्या ताब्यात, त्यामुळे सौदाही त्याच करायच्या. कापड, भांडी, सुया, दारूगोळा, जे घराला लागेल ते बदल्यात घ्यायच्या.

करार, धरणं आणि पाण्याखाली गेलेलं पीक

19व्या शतकात अमेरिकन सरकारला इथली जमीन हवी होती, मुख्यतः पाइनच्या लाकडासाठी. 1837 च्या करारात ओजिब्वे गटांनी मोठा प्रदेश दिला, पण एक कलम घालून घेतलं: दिलेल्या जमिनीवर शिकार करण्याचा, मासे धरण्याचा आणि वाइल्ड राइस गोळा करण्याचा हक्क आमच्याकडे राहील. कायदेशीर कागदात धान्याचं नाव स्पष्ट लिहिलेलं. हे कलम पुढे कामाला येणार आहे.

1880च्या दशकात लष्कराच्या इंजिनिअर विभागाने मिसिसिपी नदीच्या उगमाजवळच्या तळ्यांवर धरणं बांधली. लीच लेक आणि विनिबिगोशिश ही त्यातली मोठी. हेतू काय, तर पाणी साठवून ठेवायचं आणि नदीत बोटी चालायला हवं तेव्हा सोडायचं. खाली मिनियापोलिसच्या पिठाच्या गिरण्याही याच पाण्यावर चालत होत्या. पाणी वाढलं आणि तळ्यातले मनूमिनचे पट्टे बुडाले. गव्हाचं पीठ दळण्याची सोय झाली, आणि त्या सोयीसाठी दुसऱ्या कोणाचं धान्य पाण्याखाली गेलं. धरणाखाली शेतं गेलेल्या गावांच्या गोष्टी आपल्याकडे कमी नाहीत, त्यामुळे फार समजावून सांगायला नको.

शिवाय 1889 च्या नेल्सन कायद्याने राखीव जमिनी कुटुंबागणिक वाटल्या, आणि वाटलेली जमीन लवकरच लाकूड कंपन्या आणि सावकारांच्या हातात गेली. व्हाइट अर्थसारख्या राखीव प्रदेशात बहुतेक जमीन ओजिब्वे लोकांच्या मालकीची उरलीच नाही. तळी मात्र राहिली, आणि त्यांच्याबरोबर मोसमी कमाईही.

पुरुष होडीत कसे आले

इथे एक गंमत आहे. आज वाइल्ड राइसच्या पाकिटावर चित्र असतं ते बहुधा होडीतल्या आदिवासी पुरुषाचं. ब्रेंडा चाइल्ड या रेड लेकच्या ओजिब्वे इतिहासकार आहेत. त्यांचं 2014 चं पुस्तक आहे, ‘माय ग्रँडफादर्स नॉकिंग स्टिक्स’. त्यात त्या दाखवतात की हे आजोबा-काठ्या-होडी असं चित्र तसं नवीन आहे. 1930च्या दशकापर्यंत हे बायकांचं काम होतं. मग जागतिक मंदी आली, लाकूड कंपन्यांतली मजुरी बंद झाली, पुरुषांच्या हाताला काम उरलं नाही. सरकारी मदत योजनाही पुरुषांना समोर ठेवून आखलेल्या. तेव्हा पुरुष मोठ्या संख्येने या कामात उतरले.

म्हणजे ‘पिढ्यानपिढ्यांची परंपरा’ म्हणून आपण जे बघतो, त्यातला एक मोठा बदल अवघ्या शंभर वर्षांच्या आतला. परंपरा खोटी ठरते का? नाही. घर चालवायला जे करावं लागलं ते घराने केलं. पण धंद्याची मूळ मालकीण कोण होती, हे विसरायला नको.

याच काळात मोटारी आणि रस्ते आले. तळ्याच्या धक्क्यावर ट्रक आणि तराजू घेऊन खरेदीदार उभे राहू लागले. ओला माल, रोख पैसा. ज्यांना भाजायला वेळ नव्हता त्यांनी तिथेच विकला. हिशेब साधा आहे: ओल्या मालाचं वजन वाळवून, भाजून, तूस काढून अर्ध्यावर किंवा त्याखाली येतं, पण किंमत कितीतरी पट वाढते. ती वाढ आता काठावरच्या घराऐवजी ट्रकवाल्याच्या खिशात जाऊ लागली. आपल्याकडे कांदा-टोमॅटो विकणाऱ्याला हे गणित तोंडपाठ असतं.

बाहेरचे लोकही मशीन लावलेल्या बोटी घेऊन घुसायला लागले. म्हणून 1939 मध्ये मिनेसोटाने कायदा केला आणि सार्वजनिक तळ्यांवर मशीनने कापणीला बंदी घातली. आजही तिथे होडी हाताने ढकलूनच न्यावी लागते, रुंदी 36 इंचांपेक्षा जास्त चालत नाही. झोडपायच्या काठ्या 30 इंचांपेक्षा लांब नकोत, आणि एकेक काठी एक पौंडापेक्षा जड नको. म्हणजे ओजिब्वे बायकांच्या हलक्या हाताचं स्पेसिफिकेशन सरकारने कायद्यात लिहून टाकलं.

बग दुरुस्त झाला

आता त्या गळणाऱ्या दाण्याकडे परत या.

1950 मध्ये मिनेसोटातल्या मेरीफील्डजवळ जेम्स आणि जेराल्ड गॉडवर्ड यांनी एकरभर जागेला बांध घातला, पाणी भरलं आणि वाइल्ड राइस पेरला. आपल्याकडच्या भातखाचरासारखं. पीक आलं. पण दाणे टप्प्याटप्प्याने पिकून गळत असल्याने मशीनने एकदम कापणं परवडेना. मग मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 1960च्या दशकात अशी झाडं शोधली, ज्यांचे दाणे लवकर गळत नाहीत. बग फिक्स. आता पाणी सोडून द्यायचं, शेत वाळलं की कंबाइन हार्वेस्टर फिरवायचा. 1965 मध्ये अंकल बेन्स या मोठ्या कंपनीने शेतकऱ्यांशी करार केला आणि एकरी गणित पार बदललं.

1977 मध्ये मिनेसोटाने वाइल्ड राइसला राज्याचं अधिकृत धान्य जाहीर केलं. मान मिळाला, आणि जवळपास त्याच सुमाराला बाजार हातचा गेला. कारण 1970च्या दशकाच्या शेवटी हे बियाणं कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो खोऱ्यात पोचलं. तिथे भाताची शेती आधीच होती, कालवे होते, यंत्रं होती. 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत कॅलिफोर्नियाने मिनेसोटाला मागे टाकलं. जिथे हे धान्य निसर्गतः कधी उगवलंच नाही ते राज्य त्याचं सगळ्यात मोठं उत्पादक झालं. माल वाढला, भाव कोसळले आणि होडीतल्या कुटुंबांची मोसमी कमाई एकदम आटली.

इथे कोणाला व्हिलन करायचा मोह होतो. पण भातखाचरवाले शेतकरीही घरंदाज कुटुंबंच होती. त्यांनी जोखीम घेतली, कर्ज काढलं, नवीन पीक उभं केलं. त्यांच्यातलीही दुसरी-तिसरी पिढी आज धंद्यात आहे. आणि कॅलिफोर्नियाच्या स्पर्धेत मिनेसोटातली कित्येक खाचरंही बुडाली. गोची वेगळीच आहे. एका कुटुंबाचा खर्च ट्रॅक्टरच्या हिशेबाने आणि दुसऱ्याचा खर्च दोन काठ्यांच्या हिशेबाने, पण दोघांच्या पाकिटांवर शब्द एकच: वाइल्ड. गिऱ्हाइकाला स्वस्त पाकीट आणि महाग पाकीट एवढंच दिसतं.

म्हणून मिनेसोटाने लेबलचा कायदा केला: शेतात पिकवलेला असेल तर ‘पॅडी-ग्रोन’ हे शब्द लिहावे लागतील, आणि तेही ‘वाइल्ड राइस’ या अक्षरांच्या निदान निम्म्या आकारात. पण हा नियम एका राज्याचा. मिनेसोटाबाहेर तो लागू होत नाही.

तळं कोणाचं?

यानंतर लढाई दोन पातळ्यांवर गेली, बाजारात आणि कोर्टात.

बाजारात: 1989 मध्ये विनोना लाड्यूक यांनी व्हाइट अर्थवर ‘व्हाइट अर्थ लँड रिकव्हरी प्रोजेक्ट’ सुरू केला. त्यांचा ‘नेटिव्ह हार्वेस्ट’ हा ब्रँड तळ्यातला, हाताने गोळा केलेला तांदूळ थेट गिऱ्हाइकाला विकू लागला. कल्पना साधी: ट्रकवाल्याला मधून काढा, भाजणं आणि पाखडणं गावातच ठेवा, म्हणजे वाढलेली किंमत गावातच राहील.

कोर्टात: 1837 चं ते कलम आठवतंय? राज्य सरकारचं म्हणणं होतं की ते हक्क कधीच संपले. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि 1999 मध्ये ‘मिनेसोटा विरुद्ध मिल लॅक्स बँड’ या खटल्यात 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल लागला: हक्क शाबूत आहेत. 162 वर्षांपूर्वीच्या कागदातली एक ओळ, आणि एका मताचा फरक.

पण हक्क असून पाणी खराब झालं तर? या धान्याला सल्फेटचं वावडं आहे. खाणींमधून सल्फेट पाण्यात येतं, तळाच्या चिखलात त्याचं सल्फाइड होतं आणि ते मुळांना मारतं. मिनेसोटाने 1973 मध्येच वाइल्ड राइसच्या पाण्यासाठी एका लिटरला 10 मिलिग्रॅम सल्फेट ही मर्यादा घातली. कागदावर उत्तम नियम. पण पाळला फारच कमी, आणि खाणींच्या रोजगाराचा प्रश्न आला की दरवेळी त्यावरच वाद.

2018 च्या शेवटी व्हाइट अर्थच्या ओजिब्वेंनी वेगळंच पाऊल उचललं. त्यांनी आपल्या कायद्यात मनूमिनलाच हक्क दिले: अस्तित्वात राहण्याचा, वाढण्याचा, पुन्हा उगवण्याचा. 2021 मध्ये ‘लाइन 3’ या तेलाच्या पाइपलाइनचं काम तळ्यांच्या प्रदेशातून चाललं होतं, तेव्हा आदिवासी कोर्टात खटला दाखल झाला. वादी म्हणून पहिलं नाव होतं मनूमिनचं. एका धान्याने सरकारी खात्यावर केस केली! 2022 मध्ये व्हाइट अर्थच्याच अपील कोर्टाने, ज्या कृतींबद्दल तक्रार आहे त्या राखीव प्रदेशाच्या हद्दीबाहेरच्या आहेत म्हणून, खटला काढून टाकला. तोवर पाइपलाइनमधून तेल वाहायलाही लागलं होतं.

आपल्याकडचं न पेरलेलं

ऐकायला हे फार लांबचं वाटेल, पण न पेरलेल्या धान्याचा मान आपल्याला नवा नाही. आपल्याकडे तळ्याकाठी, दलदलीत आपोआप उगवणारा खराखुरा जंगली भात आहे. संस्कृतात त्याला ‘नीवार’ म्हणतात. ‘शाकुंतल’च्या पहिल्या अंकात आश्रम जवळ आल्याच्या ज्या खुणा दुष्यंताला दिसतात, त्यात झाडाखाली सांडलेले नीवाराचे दाणेसुद्धा आहेत. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा नियम तर घरोघरी माहीत आहे. छत्तीसगडमध्ये कमरछठच्या उपासाला बायका नांगर न लागलेला ‘पसहर’ तांदूळ खातात, आणि त्या दिवसांत तो नेहमीच्या तांदळापेक्षा कितीतरी महाग विकला जातो. गोळा करणाऱ्या बऱ्याचदा गावातल्या गरीब बायकाच असतात.

झाड वेगळं, देश वेगळा, देव वेगळे. पण प्रश्न तोच: जे कोणी पेरलं नाही त्याची किंमत कोणाला मिळावी? माझं उत्तर असं की ‘कोणी पेरलं नाही’ हे अर्धंच खरं असतं. ज्याने हलक्या हाताने झोडपलं, काही दाणे पाण्यात पडू दिले, तळ्याचं पाणी वाढू नये म्हणून कोर्टात भांडला, त्यानेही पेरलंच की.

पाकीट हातात आलं तर

जाता जाता उपयोगाचं. पुढच्या वेळी वाइल्ड राइस दिसला, किंवा अमेरिकेतला कोणी मित्र येताना घेऊन आला, तर तीन गोष्टी बघा.

पहिली, रंग. एकसारखा चकचकीत काळा असेल तर बहुधा शेतातला. तिथे ओला माल काही दिवस ढिगात ठेवून मग वाळवतात, त्यामुळे तो काळा पडतो. तळ्यातला, ताजा भाजलेला दाणा तपकिरी, हिरवट, राखाडी असा मिसळलेला दिसतो.

दुसरी, शिजायचा वेळ. काळ्याला पाऊण ते एक तास लागतो. तळ्यातला, लाकडाच्या आगीवर भाजलेला, साधारण वीस मिनिटांत फुलतो.

तिसरी, शब्द. ‘हँड-हार्वेस्टेड’, ‘लेक’, आणि एखाद्या राखीव प्रदेशाचं किंवा तळ्याचं नाव. फक्त ‘वाइल्ड’ लिहिलं असेल तर समजा काहीच सांगितलेलं नाही.

आणि महाग का आहे, हे आता तुम्हाला माहीत आहे. त्या किमतीत दोन माणसांची एक होडी आहे, भाजणाऱ्याचा दिवस आहे, पाखडणारीचे हात आहेत. ओजिब्वे गावांत तळं कधी उघडायचं हे अजूनही बऱ्याच ठिकाणी जाणत्यांची समिती ठरवते. ते काठावर जातात, लोंबी हातात घेतात, दाणा दाबून बघतात आणि सांगतात: अजून नाही, चार दिवस थांबा. तोवर सगळ्या होड्या काठावर. एखाद्या धंद्याची पुढची पिढी टिकवायची असेल, तर ही ‘चार दिवस थांबा’ म्हणायची सवय मला फार मोलाची वाटते.

तुमच्या गावात, कोकणात, विदर्भात किंवा मावळात, न पेरता उगवणारं आणि कोणीतरी पिढ्यानपिढ्या गोळा करून विकणारं काही असेल, तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. रानभाज्या चालतील, मध चालेल, हिरडा चालेल. पुढचा एखादा एपिसोड त्यावरच करू. तोवर ऐकत राहा, वाचत राहा. भेटू!